न वाचता लिहिलेलं पत्र

वैशालीचा फोन आला तेव्हा मी एका शेतकऱ्याला उसातल्या हुमणीचं औषध कसं द्यायचं ते समजावून सांगत होतो. सांगलीजवळच्या आमच्या गावात माझं खता-औषधांचं दुकान आहे. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून मी त्याला बाटली दाखवत होतो, त्यामुळे तिचं पहिलं वाक्य मला नीट कळलंच नाही. "दादा, हणमंतकाका गेले. परवा दुपारी. जेवून जरा आडवा होतो म्हणाले आणि..." ती थांबली. शेतकरी म्हणाला, "एकरी किती टाकायचं म्हणालासा?" आणि मी त्याला बरोबर प्रमाण सांगितलं, बाटली पिशवीत घालून दिली, उरलेले पैसेही परत दिले. तो गेल्यावर मोबाइल उघडून पाहिला. परवा दुपारपासून एकाच अनोळखी नंबरवरून तीन फोन येऊन गेले होते. हंगामात मी अनोळखी नंबर उचलत नाही, कुणी ना कुणी काहीतरी विकायलाच बसलेलं असतं. तो नंबर त्यांच्या लेकीचा होता. कोयनानगरला हणमंतरावांची माती झाली तेव्हा मी इथं दारात उभा राहून खताच्या गोण्या मोजून घेत होतो.

या पुरवणीच्या वाचकांना हणमंत काटकर हे नाव माहीत असायचं कारण नाही. त्यांचं एकही पुस्तक छापलं गेलं नाही. ते मूळचे माण तालुक्यातले, म्हणजे पाऊस जिथं नाव सांगायला येतो तिथले. विशीत कोयनेला प्रकल्पाच्या वर्कशॉपात फिटर म्हणून लागले आणि तिथंच निवृत्त झाले. "अर्धं आयुष्य पाणी हुडकण्यात गेलं, अर्धं अंगावरचं वाळवण्यात," असं ते म्हणायचे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं, बाजारपेठेमागे दोन खोल्या घेतल्या आणि वर्कशॉपच्या जुन्या नोंदवह्यांच्या कोऱ्या पानांवर कादंबरी लिहायला बसले. त्यांच्या कादंबरीत माणमधली एक म्हातारी होती, रखमा. तिचा मुलगा मुंबईला कामाला गेलेला. ती रोज संध्याकाळी मेंढरं वाड्यात कोंडून फाट्यावर जाऊन उभी राहते, एसटी येते, कोण उतरतंय ते बघते आणि परत येते. चारशे पानं होती. त्यातल्या निम्म्या पानांत ती नुसती उभी असते असं मी चिडवायचो, तर ते म्हणायचे, "मगदूम, तुमी कवा फाट्यावर हुबं ऱ्हायलाय का?"

आमची ओळख साताऱ्यातली. एका वाचनालयाच्या सभागृहात कादंबरीलेखनाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. पुण्याहून आलेल्या एका वक्त्यानं सांगितलं की आता काळ बदलला आहे, प्रकाशकांकडे थेट हस्तलिखित घेऊन जाऊ नका, लेखकाच्या वतीनं बोलणारे एजंट आता मराठीतही काम करू लागले आहेत. कादंबरीचा सारांश, पहिली तीन प्रकरणं आणि एक पानाचं परिचयपत्र पाठवा, त्यांना आवडली तर पुढचं सगळं ते बघतात. जेवणाच्या रांगेत मी, हणमंतराव आणि वैशाली असे एकापाठोपाठ उभे होतो. वैशाली शिरवळच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करायची आणि कंपनीच्या बसमधून रोज ये-जा करणाऱ्या मुलींवर कादंबरी लिहीत होती. तिघांच्याही पिशवीत हस्तलिखित होतं आणि तिघांनीही ते कुणाला दाखवलेलं नव्हतं. हणमंतरावांनी घरी जाऊन ही एजंटाची गोष्ट सांगितली तेव्हा शालनवहिनी म्हणाल्या, "कादंबरीचाबी एजंट असतोय व्हय? मंग त्यो मेल्याव काय देतोय का न्हाई?" ही गोष्ट ते आम्हाला हसून हसून सांगायचे. आता ती मला आठवते तेव्हा हसू येत नाही.

मग ठरलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कराडला भेटायचं, कारण कोयना, शिरवळ आणि सांगली या तिन्ही ठिकाणांहून ते सारखंच गैरसोयीचं. स्टँडजवळच्या एका हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल आमचं झालं. पहिली अडचण आली ती परिचयपत्राची. स्वतःबद्दल चांगलं लिहायला आमच्यापैकी कुणाचाच हात धजेना. हणमंतरावांनी तीन आठवड्यांत एवढंच लिहून आणलं होतं, 'मी हणमंत काटकर, निवृत्त फिटर.' त्यापुढं पूर्णविराम. वैशाली म्हणाली, आपण एकमेकांची पत्रं लिहू. तसं ठरलं, आणि त्याला दोन नियम लागले. ज्याच्याबद्दलचं पत्र त्यानं ते ऐकायचं नाही. वाचून दाखवताना त्यानं उठून बाहेर जायचं, पानपट्टीपाशी उभं राहायचं, बोलावल्यावर आत यायचं. कौतुक समोर बसून ऐकायची आम्हा तिघांनाही सवय नव्हती, म्हणून हा नियम. दुसरा नियम हणमंतरावांचा. पत्र लिहिणाऱ्यानं कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचलेली पाहिजे. वर्कशॉपात जोडकाम झालं की तपासणाऱ्याची सही लागते, त्यावरून त्यांनी तो काढला. "तपासल्याबिगर मी कवा सही केली न्हाई. तुमीबी करायची न्हाई," असं त्यांनी बोट रोखून सांगितलं होतं.

अशी सहा वर्षं गेली. मी पानपट्टीपाशी कितीतरी वेळा उभा राहिलो असेन. काचेतून हणमंतराव कागद डोळ्यांपासून लांब धरून वैशालीला वाचून दाखवताना दिसायचे, ओठ हलायचे, ऐकू काही यायचं नाही. मेल वैशालीच्या लॅपटॉपवरून जायचे. उत्तरं यायची ती बहुधा एका ओळीची, 'आपले लेखन आमच्या यादीत बसत नाही.' बऱ्याचदा तीही यायची नाहीत. नकार आला की ज्याला नकार आला त्यानं चहा सांगायचा नाही, बाकीच्यांनी सांगायचा, एवढीच सांत्वनाची सोय होती. पण खरं सांगतो, माझ्या आयुष्यात मी तेवढा सुखात कुठंच बसलेलो नाही. घरात मी लिहितो हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते एखाद्याला मधुमेह आहे हे माहीत असावं तसं. कराडच्या त्या टेबलावर मात्र मला कुणीतरी विचारायचं, की तुमच्या सातव्या प्रकरणातली ती बाई पुढं विहिरीवर का गेली नाही?

कोयनेच्या एका पिशवीबद्दल सांगायला हवं. तिथं भूकंपाच्या बारीक धक्क्यांनी अधूनमधून भांडी वाजतात. बाहेरच्या माणसाचा जीव घाबरा होतो, तिथले लोक पातेलं हातानं धरून ठेवतात आणि बोलणं पुढं चालू करतात. पण हणमंतरावांच्या दाराजवळ खुंटीला एक खाकी पिशवी कायम अडकवलेली असायची. धरणी हलली तर हाताला लागेल ती वस्तू घेऊन बाहेर पडता यावं म्हणून. घराची कागदं, पेन्शनचं पुस्तक, चष्म्याची जादा जोडी. आमच्याकडं कृष्णेकाठी याच्या उलट. पाणी चढायला लागलं की सगळं माळ्यावर. "तुमचं वर, आमचं भाईर," असं ते म्हणायचे. एका वर्षी पाणी इतक्या लवकर चढलं की माळ्यावर टाकायचं ते टाकलं आणि टेबलाचा खण राहून गेला. माझी कादंबरी त्या खणात होती. हातानं लिहिलेली, एकुलती एक. दुकान उघडलं तेव्हा खण फुगून बसला होता, तो कोयत्यानं फोडावा लागला, आणि आत निळ्या शाईचा लगदा... मी तो बाहेर उन्हात ठेवला, का ठेवला कुणास ठाऊक. दोन दिवसांनी हणमंतराव दारात उभे. रस्ते नुकते मोकळे झालेले, एसट्या बदलत बदलत आलेले, काखेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला गठ्ठा. पत्र लिहिण्यासाठी मी त्यांना माझ्या कादंबरीची झेरॉक्स दिली होती. ती त्यांनी परत केली नव्हती आणि मी विसरून गेलो होतो. "ही झेरॉक्सची झेरॉक्स हाय," ते म्हणाले. "तुमी दिलेली आसल आमच्या दाराजवळच्या पिशवीतच ऱ्हाऊ दे. आमच्याकडं पाणी चढत न्हाई." मी चिखलात उभा होतो, त्यांना बसायलाही खुर्ची कोरडी नव्हती. उभ्या उभ्याच पाणी प्यायले आणि परतीची गाडी चुकंल म्हणून गेले.

पुढं वैशालीला एजंट मिळाला. मग प्रकाशक मिळाला. पुण्यात पुस्तकाचा समारंभ झाला, आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसलो, तिनं भाषणात कराडच्या टेबलाचं नाव घेतलं. हणमंतराव रुमालानं डोळे पुसत होते. मी टाळ्या वाजवत होतो आणि माझ्या पोटात दुखत होतं. त्याच आठवड्यात मला नकार आला होता आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता. वैशाली पुण्याला राहायला गेली, कराडला आम्ही दोघंच उरलो. दोघांत नियम पाळणंही अवघड झालं, कारण एकानं बाहेर जायचं तर आत वाचून दाखवायचं कुणाला? मग पत्र आपापल्या घरी लिहायचं आणि दुसऱ्यानं न वाचता जोडायचं असं ठरलं. आणि नेमकं तेव्हाच हणमंतरावांचं नशीब उघडल्यासारखं झालं. पुण्याच्या एका एजंटबाईंनी त्यांची पहिली तीन प्रकरणं वाचून संपूर्ण कादंबरी मागवली. सहा वर्षांत आम्हा दोघांपैकी कुणाकडंही अख्खी कादंबरी कुणी मागितली नव्हती. सोबत सविस्तर परिचयपत्रही हवं होतं. त्यांनी लगेच मला फोन केला. "मगदूम, पत्र तुमीच लिवायचं. पोरगी टाइप करून दोन्ही एकदम पाठवतीया. आन मी शेवटाकडची पानं परत लिवलीत, ती कुरियरनं धाडतो."

कुरियर आलं. मी सही करून घेतलं आणि कीटकनाशकांच्या माहितीपत्रकांच्या ढिगावर ठेवलं. त्यावर दुसरी माहितीपत्रकं आली. मी ते उघडलं नाही. वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगितलं, पण वेळ होता. मला त्यांची कादंबरी त्या आठवड्यात वाचवत नव्हती, एवढंच खरं आहे. वैशाली गेली, आता हणमंतरावही जाणार, आणि टेबलापाशी मी एकटा राहणार, हे डोक्यात बसलं होतं. पहिला मसुदा मी दोनदा वाचलेला होता, तेवढ्यावर भागेल असं वाटलं. पत्र मात्र झकास लिहिलं. दुकानात बसून, एका बैठकीत. त्यात असंही लिहिलं की शेवटच्या प्रकरणात मुलगा एसटीतून उतरतो आणि रखमा त्याला ओळखत नाही, तो प्रसंग वाचताना माझ्यासारख्या व्यापारी माणसाचेही डोळे भरून आले. त्यांच्या लेकीला पत्र कुरियरनं पाठवून दिलं. तिनं कादंबरीला जोडून पुढं धाडलं.

दीड महिन्यानं हणमंतरावांचा फोन आला. उत्तर आलंय म्हणाले आणि त्यांनी ते मला वाचून दाखवलं, कार्यालयातलं परिपत्रक वाचावं तसं सावकाश. बाईंनी लिहिलं होतं की परिचयपत्रात मुलगा परत येतो, कादंबरीत तो येत नाही. शिफारस करणाऱ्यानंच कादंबरी पूर्ण वाचलेली दिसत नाही, तेव्हा तूर्त पुढं जाता येणार नाही. वाचून झालं. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग ते म्हणाले, "मगदूम, शेवट बदलला हुता मी." माझी नजर माहितीपत्रकांच्या ढिगावर गेली. "चूक माझीच झाली गड्या. पानं परत लिवलीत म्हणालो, शेवटच बदललाय ह्ये सांगाय पायजे हुतं." आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी मी ढिगाखालून पाकीट काढलं. पानांवर टाचणीनं चिठ्ठी लावली होती, त्यांच्या मोठ्या ठसठशीत अक्षरात, 'शेवट नवा आहे. बघावा.' मी ते पाकीट पुन्हा बंद केलं. तेव्हाही वाचलं नाही. लाज वाटली की माणूस वाचतो असं नाही, लाज वाटली की तो लपतो.

त्यानंतरचे पाच दुसरे रविवार मी कराडला गेलो नाही. पहिल्यांदा लग्न होतं, दुसऱ्यांदा माल येणार होता, नंतर कारणही द्यायचं सोडून दिलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही. सणाला निरोप यायचा, तब्येत बरी हाय का, एवढाच. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचो. आणि मग वैशालीचा तो फोन.

तीन आठवड्यांनी कोयनानगरला गेलो. वहिनींनी चहा केला. भिंतीवर फोटो लावलेला होता, हार घातलेला, आणि फोटोतही त्यांच्या खिशाला पेन होतं. मी माफी मागायची ठरवून गेलो होतो, पण वहिनींना त्या पत्राचं काहीच ठाऊक नव्हतं. हणमंतरावांनी ते घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. लेकीलाही तोंड उघडू नकोस असं बजावलं असावं. "भावजी, तुमी लय कामात व्हता म्हणं," वहिनी म्हणाल्या. "पर ह्ये जायचं की कराडला. दुसरा रविवार आला की दाढी करून तयार. म्या म्हणायची, आवं मगदूम भावजी न्हाई येत तर कशाला जाताय? तर म्हणायचं, येतील की. आज न्हाई तर फुडच्या टायमाला. चा पिऊन सांजच्याला माघारी यायचं." मी कप खाली ठेवला. पाच वेळा तो माणूस त्या घाटातून उतरून कराडला गेला होता, कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसला होता, आणि स्टँडवर सांगलीकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून कोण उतरतंय ते बघत होता.

निघताना वहिनींनी खुंटीवरची खाकी पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. "ह्यात तुमचं काय काय हाय. त्यांनी कुणाला हात लावू दिला न्हाई." घराची कागदं त्यांनी आधीच काढून घेतली होती. आत माझ्या कादंबरीची ती झेरॉक्स होती, कडा मऊ पडलेली. मी विचारलं, "आणि त्यांची कादंबरी?" वहिनी म्हणाल्या, "ती व्हय? ती वर माळ्याव हाय ट्रंकेत." धरणी हलली असती तर हा माणूस माझी कादंबरी घेऊन बाहेर पडला असता आणि स्वतःची आत राहिली असती. झेरॉक्सच्या शेवटी एक कागद होता, नोंदवहीचा, आडव्या रेघांचा. सहा वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल काय लिहिलं ते मी कधी वाचलं नव्हतं, कारण मी पानपट्टीपाशी असायचो. आता बाहेर जा म्हणायला कुणी नव्हतं. मी दारातच उभा राहून वाचलं.

'महोदया, सोबत श्री. अजित मगदूम यांची दुसरी कादंबरी .................... पाठवीत आहे. मी ही कादंबरी वाचलेली नाही, कारण त्यांनी ती अजून लिहिलेली नाही. न वाचता पत्र लिहायचे नाही असा आमचा नियम आहे आणि तो मीच केलेला आहे. सध्या ते रुसलेले आहेत, माझ्यावर नव्हे, स्वतःवर. असा माणूस लिहिल्याशिवाय राहत नाही हे अनुभवाने सांगतो. ती पुरी होईल तेव्हा पत्र लिहायला कोणी नाही म्हणून त्यांनी थांबू नये, एवढ्यासाठी हे आधीच लिहून ठेवीत आहे. तपासल्याशिवाय मी आयुष्यात ही एकच सही करीत आहे. कळावे, हणमंत काटकर, निवृत्त फिटर.'

घरी आल्यावर मी ते पाकीट उघडलं. नव्या शेवटाची अकरा पानं होती. मुलगा येत नाही. एसटी येते, फाट्यावर कुणी उतरत नाही, ड्रायव्हर रखमाकडं बघून मान हलवतो आणि गाडी पुढं नेतो. ती घरी येते, मेंढरांना पाणी दाखवते, जेवते. झोपताना दार नुसतं पुढं करते. कडी लावत नाही. तिथं कादंबरी संपते. आधीच्या शेवटापेक्षा हा शंभर पटींनी चांगला आहे, हणमंतराव. हे मी तुम्हाला फोनवर सांगायला हवं होतं.

मी मग वहिनींकडून ट्रंकेतली कादंबरी मागवून घेतली, चारशे पानं पहिल्यापासून वाचली, रखमा नुसती उभी असते तीही सगळी, आणि पत्र नव्यानं लिहिलं. त्या एजंटबाईंनाही पाठवलं, पहिल्या पत्रात खोटं कुणी लिहिलं होतं ते स्पष्ट सांगून. आणखी चार-पाच जणांना पाठवलं. उत्तर अजून नाही. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी कराडला जाऊन आलो. टेबलावर एक कुटुंब बसलं होतं, लहान मुलाला बशीतून चहा पाजत होतं. मी पानपट्टीपाशी थोडा वेळ उभा राहिलो, सवयीनं, आणि काचेतून आत बघितलं. आत बोलावणारं कुणी नव्हतं, तेव्हा मिळाली ती गाडी पकडून परत आलो.

खाकी पिशवी वहिनींनी मलाच देऊन टाकली. ती मी दुकानाच्या दाराजवळ खिळ्याला अडकवली आहे. गिऱ्हाइकं हसतात, पाण्याच्या गावात कागदं माळ्यावर ठेवावीत, दाराशी कशाला, म्हणतात. तिच्यात आता त्यांची कादंबरी आहे आणि त्यांनी माझ्यासाठी लिहिलेलं ते पत्र आहे. मी सकाळी दुकान उघडून गल्ल्यावर बसलो की आधी तासभर लिहितो. दुसऱ्या कादंबरीची तीस-बत्तीस पानं झाली आहेत. पत्रातली नावाची जागा अजून कोरीच आहे.